कणकेतला सिंह

आमच्या घरात चांदी नव्हती. देवापुढचं एक निरांजन, माझ्या बारशातले वाळे आणि आईच्या माहेरून आलेली अत्तरदाणी एवढीच काय ती होती. त्या अत्तरदाणीचं झाकण कायम डुगडुगायचं. पण तिला चांदी म्हणायचं म्हणजे आमच्या दोन खोल्यांना बंगला म्हणण्यापैकी होतं. तरीही सतराव्या वर्षी मला इंग्लंडातल्या चांदीचं सगळं कळत होतं. कुठला चमचा लंडनचा, कुठला बर्मिंगहॅमचा, कुठल्या वर्षी घडवला, कारागिराची आद्याक्षरं कोणती, हे मी कॉलेजातून आल्यावर चहा पिता पिता सांगत असे. आणि यातली एकही वस्तू मी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. मी पाहिली होती ती कणीक.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कॅम्पातल्या एका लिलावघरात होते. मालक सोराबशेट. गोरे लोक गेले तेव्हा आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षं जुन्या बंगल्यांतून सामान निघत राहिलं. पियानो, हरणांची मुंडकी, जेवणाची टेबलं, आणि चांदी. अण्णा तिथे कारकून म्हणून लागले आणि चांदीचे जाणकार झाले. इंग्रजी चांदीच्या वस्तूवर, तळाशी किंवा दांड्यावर, चार-पाच बारीक ठसे एका ओळीत असतात. चालणारा सिंह असला म्हणजे चांदी अस्सल. बिबट्याचं तोंड असलं म्हणजे लंडन, जहाजाचा नांगर असला म्हणजे बर्मिंगहॅम. मग एक अक्षर, ते वर्षाचं. दर वर्षी अक्षर बदलायचं, आणि सगळी अक्षरं संपली की वळण बदलून पुन्हा पहिल्यापासून. शेवटी कारागिराची आद्याक्षरं. हे ठसे तांदळाच्या दाण्याएवढे असतात, आणि दीडशे वर्षं कुणी ना कुणी घासून ते आणखी पुसट केलेले असतात. ते वाचणं हे अण्णांचं काम. त्यांनी वाचलं की सोराबशेट यादीत छापायचे आणि त्यावर मुंबई-कलकत्त्याचे लोक डोळे मिटून बोली लावायचे. ‘सातपुत्यांनी पाहिलंय ना?’ एवढं विचारायचे, बस. अण्णांची सगळी मिळकत म्हणजे हे वाक्य होतं. पगार सांगण्यासारखा नव्हता.

वस्तू घरी आणायची अर्थातच परवानगी नव्हती. म्हणून अण्णांनी कणकेची युक्ती काढली होती. सकाळी आई पोळ्यांची कणीक मळायच्या आधी अण्णांसाठी वेगळं पीठ घ्यायची. ते साध्या चाळणीचं चालत नसे, कोंड्याचा एक कण आला तरी सिंहाची शेपटी जायची. धुवट लुगड्याच्या तुकड्यातून ते वस्त्रगाळ करायचं, तेलाच्या दोन थेंबांवर घट्ट मळायचं, सुपारीएवढ्या गोळ्या करायच्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळून डब्याच्या वरच्या पुडात ठेवायच्या. खालच्या पुडात पोळी-भाजी. अण्णा दिवसभरात एकेक गोळी एकेका ठशावर दाबायचे, काडेपेटीच्या काडीने तिच्या पाठीवर वस्तूचा नंबर कोरायचे, आणि संध्याकाळी डबा घरी आणायचे. मंडईच्या मागच्या गल्लीत आमचं बिऱ्हाड. खाली हातगाड्यांची खडखड, कोबीच्या पाल्याचा वास, आमच्याकडे स्टोव्हचा सूर, आणि खिडकीपाशी अण्णा भिंग लावून कणीक वाचत बसलेले, हे माझ्या लहानपणाचं चित्र. वाचून झालेल्या गोळ्या आई दुसऱ्या दिवशी गायीला घालायची. “आमची गाय पुण्यातली सगळ्यात इंग्रजाळलेली गाय आहे,” असं ती म्हणायची. आईला विनोद करायचा असला की तिचा चेहरा आणखी गंभीर व्हायचा.

कणकेत ठसा उठतो तो उलटा उठतो, हे सांगायला नको. अक्षरं आरशातल्यासारखी. धातूवर सिंह डावीकडे चालतो, कणकेत उजवीकडे. सोराबशेटचं जाड पुस्तक त्यांच्या कपाटात कुलपात असायचं, म्हणून अण्णांनी स्वतःची वही केली होती, आणि ती कणकेवरूनच केली होती. समोर जसं दिसेल तसं काढायचं, म्हणजे पडताळायला सोपं. त्या वहीत सगळी अक्षरं उलटी, सगळे सिंह उजवीकडे निघालेले. मी अक्षरओळख झाल्यापासून ती वही बघत आले. आमच्या घरात सगळं इंग्लंड उलटं होतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

मग अण्णांचे डोळे गेले. असं एका वाक्यात लिहिलं तरी ते गेले हळूहळू, आणि अण्णांनी ते आमच्यापासून लपवल्यामुळे उघड झाले ते त्याहूनही हळूहळू. आधी सायकल बंद झाली. चाक वाकडं झालंय म्हणाले. मग ताटात चटणी कुठल्या बाजूला आहे ते बोटांनी चाचपायला लागले. एकदा आईने मुद्दाम चटणी आणि लिंबाची जागा बदलली, आणि अण्णांनी भातावर चटणी पिळायला घेतली. आई उठून मोरीत गेली आणि बराच वेळ नुसतं पाणी सोडून उभी राहिली. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, आणि गेलेलं परत येणार नाही हेही सांगितलं. त्या दिवसापासून संध्याकाळी खिडकीपाशी मी बसायला लागले. मी कणीक वाचायची, अण्णा पाठीमागून विचारायचे. “अक्षराभोवतीची ढाल कशी आहे? खाली टोक आहे की गोल?” मी सांगायची, ते वर्ष सांगायचे, मी कागदावर उतरवायची, आणि सकाळी तो कागद त्यांच्या खिशात जायचा. लिलावघरात कुणाला पत्ता नव्हता. गोळी दाबायला डोळे लागत नाहीत, अंगठा लागतो. ठशांची ओळ अण्णांना अंगठ्याने सापडायची.

दोन वर्षं हे चाललं. खरं सांगते, मी सुखात होते. बाप आंधळा होत होता आणि मला वाटत होतं, मी मोठी होतेय. आज हे लिहिताना स्वतःची लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू?

त्या दिवशी एकादशी होती. आमच्याकडे एकादशीला आई पिठाच्या डब्याला हात लावत नसे. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, आणि धान्य म्हणून काही नाही. अण्णा एरवी एकादशीला ठशांचं काम ठेवतच नसत, कपाटं आवरत. पण आदल्या संध्याकाळी कुठल्याशा संस्थानिकाच्या घरातली म्हणून एक पेटी आली होती, रविवारी लिलाव होता, आणि यादी एकादशीच्याच दिवशी छापायला जायची होती. अण्णा सकाळी कोट चढवून उभे राहिले. आईने रिकामा डबा पुढे केला, म्हणजे आत फक्त खिचडी. दोघं क्षणभर तशीच उभी होती. आई एक शब्द बोलली असती तर, किंवा अण्णांनी एकदा “अगं, मळून दे चार गोळ्या” म्हटलं असतं तर आईने उपास बाजूला ठेवून मळून दिल्या असत्या. पण अण्णांनी आईचं व्रत कधी मोडायला लावलं नव्हतं, आणि आईलाही अण्णांनी मागितल्याशिवाय काही द्यायची सवय नव्हती. अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, “बेबी, कॉलेजला दांडी मार. आज खरी चांदी बघ.”

मला काय आनंद झाला होता. मी दोन वेण्या सोडून एक घातली. बसमधून उतरल्यावर अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, बघणाऱ्याला वाटावं बाप लेकीला कौतुकाने घेऊन चाललाय. लिलावघरातल्या मागच्या खोलीत त्यांनी दार लोटलं, फडकं सोडलं, आणि माझ्यापुढे एक मोठं तबक, एक किटली आणि दूधदाणी ठेवली. इतकी पांढरी वस्तू मी कधी पाहिली नव्हती. तबक उलटं केलं, भिंग लावलं. ठसे अगदी ठसठशीत. अक्षरं सुलटी होती. दोन वर्षं उलटं वाचल्यावर सुलटं वाचणं म्हणजे खेळ वाटला, मी भराभर सांगत सुटले. बिबट्याचं तोंड आहे. ढाल खाली टोकदार. अक्षर हे. कारागिराची आद्याक्षरं ही. अण्णा जाड पेन्सिलीने अंदाजाने लिहीत होते.

“सिंह?”

“आहे की.”

“कुणीकडे तोंड?”

“उजवीकडे. नेहमीसारखा.”

अण्णांची पेन्सिल थांबली. किती वेळ थांबली? श्वास घेण्याएवढा. ती थांबलेली पेन्सिल माझ्या आयुष्यात अजून थांबलेलीच आहे. मग ते म्हणाले, “बरं,” आणि लिहिलं.

आता कुणालाही कळेल. समोर कणीक नव्हती, धातू होता. धातूवरचा सिंह डावीकडे चालायला हवा. ज्या कुणी त्या खोट्या ठशांचे छाप कोरले होते त्याने अक्षरं बरोबर उलटी कोरली, कारण अक्षर चुकलं तर शाळकरी पोरालाही दिसतं. सिंह मात्र त्याने अस्सल वस्तूवर पाहिला तसाच कोरला, आणि चांदीवर तो उलटा उठला. लिलावघरात लागलेल्या नव्या माणसाला अण्णा पहिल्या दिवशी शिकवत ते हेच, की सिंह कुठे निघालाय ते आधी बघ. आणि तो सिंह माझ्यासमोर उजवीकडे निघालेला होता, आणि मला तो घरचा वाटला. आमच्या वहीतला, रोज संध्याकाळी भेटणारा. अक्षरं सुलटी आहेत हे दिसत असताना सिंहही सुलटा असायला हवा, एवढा विचार करायला काय लागतं? डोकं लागतं, आणि ते मी वेणी घालताना घरी ठेवून आले होते. अण्णांचं काय झालं हे मला ठाऊक नाही. दोन वर्षं त्यांच्याही अंगठ्याखाली आणि कानात फक्त कणकेतलाच सिंह होता. एकादशी आहे, डबा रिकामा आहे, हे माहीत असूनही त्यांनी ‘उजवीकडे’ ऐकून ‘बरं’ म्हटलं.

मागच्या महिन्यात माझ्या नणंदेचा नातू जुन्या बाजारातून एक चमचा घेऊन आला. त्याने फोनने ठशांचा फोटो काढला, आणि मी चष्मा शोधेपर्यंत फोनने वर्ष आणि गावही सांगून टाकलं. “आजी, तू एके काळी एक्स्पर्ट होतीस म्हणे?” मी म्हटलं, “हो, गायीला विचार.” त्याला काही कळलं नाही. मी चमचा हातात घेतला, आणि आधी सिंह कुठे निघालाय ते पाहिलं. डावीकडे निघाला होता. तरी मी दोनदा पाहिलं.

त्या रविवारी लिलावाला मी गेले ते अण्णांना रस्ता ओलांडायला हात हवा म्हणून. मागे, खिडकीच्या बाजूला, कपाटाशेजारी एका स्टुलावर बसले होते. माणसं बरीच होती. तबकाचा नंबर यायच्या आधी मुंबईचा एक व्यापारी पुढे झाला, पांढऱ्या सफारीतला, त्याने तबक उलटं केलं, पाहिलं, आणि सोराबशेटना हाक मारली. “शेट, तुमचा सिंह परत घरी निघालाय की काय?” हसू आधी पुढच्या रांगेत आलं, मग मागे. ज्यांना काही कळलं नव्हतं तेसुद्धा हसले. सोराबशेटनी अण्णांना बोलावलं. मालक ओरडणारा नव्हता, हळू आवाजात म्हणाला, “सातपुते, हे आपण पाहिलं होतं?”

अण्णांनी तबक घेतलं, खिडकीच्या उजेडात गेले, खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं. तबक त्यांनी उलट्या बाजूने धरलं होतं. ठसे खाली राहिले होते आणि ते वरच्या कोऱ्या चांदीकडे भिंगातून बघत होते. हे फक्त मला दिसलं. बाकीच्यांना पाठमोरे दिसत होते. मग त्यांचा अंगठा काठावरून सरकत गेला, ओळ सापडली, तबक फिरवलं, आणि पुन्हा भिंग लावून उभे राहिले. फार वेळ. त्यांना काहीच दिसत नव्हतं, पण व्यापाऱ्याच्या त्या एका वाक्याने त्यांना सगळं कळलेलं होतं.

“माझ्या नजरेतून सुटलं,” अण्णा म्हणाले.

“एवढा सिंह नजरेतून सुटत नाही हो,” व्यापारी म्हणाला. “सोडावा लागतो.”

सोराबशेट अण्णांकडे बघत राहिले. वीस वर्षं ज्याच्या शब्दावर लिलावघर चालवलं त्या माणसाकडे बघतात तसं. “ती पेटी आणणारा तुमच्या ओळखीचा होता का?” त्यांनी विचारलं, आणि त्या प्रश्नात पुढचे सगळे प्रश्न होते. अण्णांनी नाही म्हणून मान हलवली. “मग हे झालं कसं? सांगा ना. काही कारण असेल तर सांगा.” सोराबशेट अक्षरशः विनवत होते. त्यांना कारण हवं होतं. कुठलंही चाललं असतं.

कारण स्टुलावर बसलं होतं. दहा पावलांवर. उठून एवढंच म्हणायचं होतं की यांना दिसत नाही, वाचलं मी. नोकरी गेलीच असती, ती तशीही जाणार होती. पण माणूस आंधळा म्हणून घरी गेला असता, चोर म्हणून नाही. हे मला तेव्हाही कळत होतं. मी लहान होते, गोंधळले होते, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगून पाहिलं. पण मी लहान नव्हते. मला हसतील याची भीती वाटली. त्या सफारीवाल्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं असतं, याची भीती वाटली. आणि मी बसून राहिले.

अण्णांनी तोंड माझ्या दिशेला वळवलं. माझ्याकडे नाही, शेजारच्या कपाटाकडे. त्यांना वाटलं मी तिथे आहे. कपाटाकडे बघत ते म्हणाले, “कारण काही नाही. मीच पाहिलं, मीच लिहिलं.” हे त्यांनी मला वाचवायला म्हटलं, की आपण आंधळे झालो हे चार लोकांत कळण्यापेक्षा चोर ठरलेलं बरं म्हणून म्हटलं, मला आजही ठरवता येत नाही. कधी एक खरं वाटतं, कधी दुसरं. दोन्हींनी सारखंच तुटतं.

परत येताना बस मिळाली नाही. आम्ही चालत आलो. अण्णांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि त्याचं वजन नेहमीपेक्षा जास्त नव्हतं, कमीही नव्हतं. मंडईचा कळस दिसायला लागला तेव्हा ते म्हणाले, “सिंह डावीकडे चालतो, बेबी.” मी हो म्हटलं. “मला माहीत होतं ते,” ते म्हणाले.

आईने सगळं ऐकून घेतलं. स्टोव्हची पिन शोधता शोधता माझ्याकडे न बघता म्हणाली, “आणि तू काय करत होतीस?”

“बसले होते.”

आईने पिन सापडेपर्यंत काही म्हटलं नाही, आणि सापडल्यावरही नाही. पुढे कधीच नाही. आई चिडली असती, दोन थोबाडीत मारल्या असत्या, तर मी तिची आयुष्यभर ऋणी राहिले असते. गल्लीत आठ दिवसांत बोभाटा झाला. चांदीत हात मारला म्हणे सातपुत्यांनी. जिन्यात बोलणाऱ्या बायका अण्णांचं पाऊल वाजलं की गप्प व्हायच्या, आणि आंधळ्या माणसाला गप्प होणं सगळ्यात आधी ऐकू येतं. मला त्या वर्षी जगावंसं वाटत नव्हतं. कॉलेजात जायचे, यायचे, खिडकीपाशी न बसता आतल्या खोलीत बसायचे. वही अण्णांच्या उशाला होती. ते तिची पानं उलटायचे, कोरी असल्यासारखी.

एक दिवस जेवताना अण्णांनी पोळीचा तुकडा मोडला आणि तो बोटांत फिरवत राहिले. एवढी वर्षं आई त्या गोळ्यांच्या पिठाबरोबर पोळ्यांचंही पीठ लुगड्यातूनच गाळायची, हात बसला होता म्हणून. अण्णांनी विचारलं, “पीठ जाडसर झालंय का?”

“चाळणीचं आहे,” आई म्हणाली. “आता बारीक कुणाला हवंय?”

अण्णांनी ती पोळी खाल्ली, दुसरी मागून घेतली. मी त्यांच्या समोर बसले होते. तेव्हाही सांगता आलं असतं. खालच्या मजल्यावर जाऊन सांगता आलं असतं, सोराबशेटना पत्र टाकता आलं असतं, अण्णा नंतर नऊ वर्षं होते, त्यांचं पाऊल वाजल्यावर गप्प होणाऱ्या कुठल्याही बाईला जिन्यात गाठून सांगता आलं असतं. मी दर वेळी उद्या म्हटलं.

सोराबशेट गेले. लिलावघराच्या जागी आता काचेची इमारत आहे. अण्णा गेले, आई गेली, जिन्यातल्या बायकाही एकेक करून गेल्या. माझे वडील चोर होते असं ज्यांना वाटायचं त्यांतलं कुणी उरलेलं नाही, आणि ते नव्हते हे ज्याला सांगावं असंही कुणी उरलेलं नाही. म्हणून आता माझं धाडस होतंय. त्या रविवारी स्टुलावरून उठून जे म्हणायचं होतं ते सहा शब्दांचं होतं. अण्णांना दिसत नाही. ठसे मी वाचले.